बिनचाबकाची बारी

दौंडपासून शिरूरपर्यंत लग्न असो की जत्रा, माईक कुणाचाही असला तरी घसा माझा असतो. नवरदेव मांडवाच्या दारात पोचला की मी आरोळी ठोकतो, "थांबा, थांबा, थांबा! राजे आले, वाट सोडा!" आणि घोडी जागच्या जागी उभी राहते. घोडीही माझीच, पांढरीशुभ्र, लग्नांची. भोंग्यातून माझा आवाज आला की थांबायचं, थांबलं की गुळाचा खडा मिळतो, एवढं तिला मी शिकवलं. बँड वाजो, फटाके फुटोत, ती माझ्या आवाजालाच थांबते. या शिकवणीचा मला इतका अभिमान होता की पाहुण्यांना मी तो चहाबरोबर वाढत असे. मागच्या चैत्रात याच शिकवणीनं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

आमच्या भागातली बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. गाड्याला चार बैल, गाड्यावर माणूस नाही. बैलांच्या पुढं एक घोडी आणि घोडीवर स्वार. निशाण पडलं की घोडी सुटते, बैल तिच्यामागं सुटतात, आणि आपण टोपी सावरेपर्यंत सगळं वर पोचलेलं असतं. गाड्याच्या या एका धावेला बारी म्हणतात. बारीत घोडी अडखळली तर मागचे चार बैल थांबत नाहीत. त्यांना थांबवणारं कुणी नसतंच.

माझ्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाचा, न्हावऱ्याकडं असा गाडा आहे. माझी मुलगी कंपनीत क्वालिटीला नोकरी करते. ती सुट्टीला मामाकडं गेली आणि गोठ्यात मामाच्या घोडीच्या पुठ्ठ्यावर हात फिरवताना तिला वळ लागले. काही जुने, काही ओले.

"मामा, हे काय?"

"चाबकाचं हाय. घाटात लागतंच."

"बैलाला चाबूक लावला तर बारी बाद करत्यात. घोडीला चालतो व्हय?"

"नियमात बैल हाय, पोरी. घोडीचं कुणी काय बोललंच न्हाई," असं म्हणून मेहुणा हसला, जणू दुकानदारानं त्याला एकट्यालाच सूट दिली होती.

"मग ही घोडी आता घाटात जाणार न्हाई. आमची आणते. मी बसते. चाबूक नको."

मेहुण्याला आधी चेष्टा वाटली. मग पांढरी घोडी, वर मुलगी, आणि पंचक्रोशीत आपल्या गाड्याची चर्चा असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढं तरळलं. तो म्हणाला, "बस की!"

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मी हातातला घास परत ताटात ठेवला. ती लहानपणापासून घोडीवर बसते, हे खरं. पण लग्नाच्या वरातीत घोडीच्या मागं नवरदेवाचे मित्र नाचत असतात. शिंगं घेऊन धावत नसतात.

ती रोज पहाटे, कंपनीची बस यायच्या आत, कॅनॉलच्या कडेनं घोडी पळवायला लागली. जिभेनं चुचकारायची आणि मानेवर तळहात ठेवायची, बस, एवढंच. घोडी वाऱ्यासारखी पळायची. मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवायचो आणि आतून घामानं भिजायचो.

"वापरू नको," मी एकदा जेवताना म्हणालो, "पण चाबूक हातात असू दे. जीव वाचवायला. मागनं चार बैल येत्यात."

"हातात असला की वापरला जातो, पप्पा. मामाबी सुरक्षेसाठीच म्हणतो. ते वळ काय सुरक्षेचे हायेत?"

"आन् घोडी थांबली तर?"

"मारल्यावर घोडी मागं बघती. घाटात मला पुढं बघणारी घोडी पाहिजे."

तव्यावर भाकरी टाकत बायको म्हणाली, "मला दोघांचंबी पटत न्हाई. घाटातच जाऊ नका." या घरात सगळ्यात शहाणं वाक्य नेहमी तव्याजवळून येतं आणि ते कुणीच ऐकत नाही.

मग मुलगी माझ्याकडं वळली. "एक गोष्ट मात्र तुमच्या हातात हाय. माझ्या बारीला भोंग्यातनं तुमचा आवाज आला तर ही थांबेल. तवा तोंड बंद."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या घाटावर माईक मीच घेणार होतो. माझ्या पोरीच्या मागं चार बैल आणि पुढं मी, तिला उभं करणारा! त्या दिवसापासून आंघोळ करताना गाणं म्हणायचीसुद्धा मला भीती वाटू लागली.

शर्यतीच्या दिवशी मी सकाळपासून भोंग्यावर गर्जत होतो, "बैलांजवळ चाबूक, काठी, शॉकची बॅटरी, काहीही दिसलं तर बारी बाद! मुक्या जनावराला त्रास दिलेला चालणार नाही!" आवाज असा लागला होता की म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माझ्या खुर्चीखालच्या पिशवीत तेव्हा मेहुण्याचा चाबूक गुंडाळून ठेवलेला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी बैलांच्या पाठी तपासल्या, शेपट्या तपासल्या, घोडीच्या मानेवर थोपटलं आणि ते पुढं गेले.

चहाच्या वेळी मी पिशवी घेऊन खाली उतरलो. मुलगी घोडीचा पट्टा आवळत होती. मी चाबूक काढून तिच्यापुढं धरला. ती हळूच म्हणाली, "पप्पा, स्टेजवर जावा." तेवढ्यात मागून एक आवाज आला, "आरं, अनाउन्सरच्याच हातात चाबूक! ह्यांची बारी बाद करा!" सगळा घाट हसला. मीही वाकून नमस्कार केला, टोपी उडवली, लोकांना वाटलं हा माझा खेळच आहे. मग चाबूक पुन्हा पिशवीत कोंबून स्टेजची शिडी चढलो.

आमची बारी आली. मी गाड्याचं नाव पुकारलं, माईकचं बटण बंद केलं आणि माईक मांडीखाली दाबून बसलो. खाली ओळीवर माणसांनी बैल धरले होते. पुढं घोडी एका जागी पाय आपटत होती. मुलीचा एक हात लगामाला, दुसरा रिकामा. त्या रिकाम्या हाताकडंच माझी नजर खिळली.

निशाण पडलं. "भिर्रर्र!" घाटानं आरोळी दिली आणि घोडी उसळली. बैल सुटले. अंतर बरं होतं. माझ्या ओठांवर शब्द येऊन धडका देत होते, मी ते दातांनी धरून ठेवले होते. शेजारी कमिटीचे आबा बसले होते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"अवं, बोला की! पोरगी पळतीया तुमची! मुकं झालात व्हय?"

मी मान हलवली. आबांना वाटलं, बापाचा गळा दाटून आला. दयेपोटी त्यांनी माझ्या मांडीखालचा माईक ओढला, बटण दाबलं आणि घाटभर घुमलं, "हॅलो!"

माझा आवाज नव्हता. पण भोंगा तोच होता. घोडीचा एक कान वळला. तिची चाल तुटली, पाय आखडले, अगदी मांडवाच्या दारात आखडतात तसे. मागच्या बैलांचं अंतर एकदम आटलं. मी अॅम्प्लिफायरकडं झेपावलो आणि हाताला लागेल ती वायर उपटली. भोंगे मेले. साउंडवाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. तो माईकशिवायच घाटभर ऐकू जात होता.

मी पाहिलं तेव्हा मुलगी घोडीच्या मानेवर पूर्ण वाकली होती. रिकामा तळहात मानेवर पसरलेला. घोडीचे कान पुढं गेले. ती पुन्हा सुसाट निघाली, पण बैलांची शिंगं आता तिच्या शेपटीच्या केसांपाशी होती. मग वरच्या टोकाला धूळ उठली आणि त्या धुळीत काय झालं ते मला दिसलं नाही.

मी चढ कसा पळालो ते माझ्या पोटाला विचारा. वर पोचलो तर मुलगी शेतात बाजूला घोडी धरून उभी होती. शेवटच्या क्षणी तिनं घोडी बाजूला काढली होती आणि बैल सरळ पुढं निघून गेले होते. मुलीनं माझ्याकडं पाहिलं आणि तिच्या ओठांना हसू जमेना.

मेहुणा आला तो चिडूनच. "पहिल्या नंबरात बसलो असतो आपुन! मधे अडली तवा एक हाणली असती तर..."

"तर काय झालं असतं ते तुमाला ठाव न्हाई, मामा. मलाबी ठाव न्हाई."

मलाही नाही. घोडीची चाल तुटली त्या क्षणी तिच्यावर मी बसलेलो असतो आणि हातात चाबूक असता, तर मी मारला असता. जीव खाऊन मारला असता. कदाचित त्यानं ती पळाली असती. कदाचित बावरून वळली असती आणि आज हे मी वेगळ्या तोंडानं सांगत असतो. पण घोडीनं चूक कोणती केली होती? भोंगा ऐकला, थांबू लागली. मी गूळ देऊन जे शिकवलं तेच ती करत होती. आम्ही तिला आमचं ऐकल्याबद्दल मारलं असतं. हे मला तिथं, धापा टाकताना, कळलं आणि त्यानं माझी भीती काडीचीही कमी झाली नाही. बापाची भीती असल्या गोष्टींनी कमी होत नाही.

"मांडवगणला पुढची जत्रा हाय," मेहुणा बैलांच्या कासऱ्याशी झटत म्हणाला. "तिथं चाबूक घ्यायचा नसंल, तर माझी घोडी हायेच. तिला सवय हाय."

मुलगी घोडीचे पाय चाचपत होती. ती वर न बघता म्हणाली, "तिला गोठ्यात राहू द्या. मी येते."

"बिनचाबकाची?"

"व्हय."

मेहुण्यानं माझ्याकडं पाहिलं. तू तरी सांग, असं त्याचे डोळे म्हणत होते. खरं तर मला सांगायचंच होतं. पण मुलीनं मामाच्या घोडीच्या ओल्या वळांवर ठेवलेला हात मला आठवला, आणि मी पहिल्यांदाच कुणी न सांगता गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी मांडवगणच्या कमिटीतल्या आप्पांना फोन लावला. म्हणालो, "यंदा माझ्याऐवजी दुसरा माईकवाला बघा. आन् माझ्या मेहुण्याच्या गाड्याला भोंगे बंद ठेवा, पाया पडतो."

"अवं, तुमच्याबिगर घाट रंगत न्हाई! तुमी कुठं असणार त्या दिवशी?"

"वरच्या टोकाला," मी म्हणालो, "लोकांत."

फोन ठेवला. जत्रेला अजून दिवस होते. पण त्या लोकांच्या गर्दीत माईकशिवाय उभं राहिल्यावर दोन्ही रिकामे हात कुठं ठेवायचे, हे मी आत्तापासून करून बघू लागलो. खिशात घातले, मागं बांधले, छातीवर घट्ट धरले. बायको तव्याजवळून बघत होती.