संशय घ्यायला शिकवणाऱ्या मालन सिस्टर

मालन सिस्टर गेल्याचा निरोप दीड महिन्यापूर्वी त्यांच्या सुनेनं फोनवरून दिला. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की ही काहीतरी लपवतेय. त्याच्या आठच दिवस आधी कसबा बावड्यात त्यांच्या घरी मी चहा पिऊन आले होते. बाई ठणठणीत होत्या. झोपेतच गेल्या, हे मला पटेना. कुणी तपासलं, आधी काही दुखत होतं का... मी त्या पोरीची उलटतपासणीच घेतली. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. पण सिस्टरांची आणि माझी ओळखसुद्धा माझ्या संशयातूनच झाली होती.

माझी ईश्वरी सातव्या महिन्यातच जन्मली. शाहूवाडीहून तिला ॲम्ब्युलन्सनं कोल्हापुरात आणलं. वजन जेमतेम सव्वा किलो, आणि श्वास घेताना एवढीशी छाती आत खचायची. शेजारच्या बाळाच्या घशात नळी होती, उशाला दिवे लुकलुकणारं मोठं मशीन होतं. माझ्या लेकीच्या वाट्याला काय, तर डोक्यावरच्या टोपीला बांधलेल्या नळ्या, नाकात दोन बारीक नळकांडी, आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. त्या पाण्यात सतत बुडबुडे. डॉक्टरांनी समजावलं, की बाळ श्वास स्वतःच घेतंय, फक्त फुप्फुसं मिटू नयेत म्हणून हवेच्या दाबाची मदत हवी. घशात नळी घालायची वेळ टळली तर चांगलंच. मी मान डोलावली. मनात मात्र एकच होतं, खेड्यातली माणसं म्हणून आपल्याला बाटलीवर भागवलं.

त्यात या मालन सिस्टर. पन्नाशीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. दर थोड्या वेळानं त्या ईश्वरीच्या नाकातली नळकांडी काढायच्या, वाकून काहीतरी बघायच्या, कधी त्यांच्या जागी छोटा मास्क लावायच्या. त्यांची माझ्याकडे पाठ असायची. काय चाललंय विचारलं, तर म्हणायच्या, "बघू दे की जरा." तिसऱ्या दिवशी मी सरळ मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, ही बाई माझ्या बाळाचा श्वास तोडते. चौकशी होईपर्यंत त्यांना दुसऱ्या वॉर्डात पाठवलं. जाताना त्यांनी फक्त बाटलीकडे टक लावून बघितलं... मला त्याचाही संशय आला.

त्यांच्या जागी आलेली नर्स नळकांड्यांना हातच लावेना. बहुतेक माझ्या भीतीनं. मला बरं वाटलं. दोन दिवसांनी सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी मला जवळ बोलावून ईश्वरीचं नाक दाखवलं. दोन नाकपुड्यांमधली कातडी लालभडक होऊन सोलवटली होती. नळकांडी एकाच जागी दाबून राहिली की असं होतं, आणि कुणी बघितलंच नाही तर आतला पडदाही झिजतो. मालन सिस्टर वाकून तेच तर बघत होत्या. मास्क आलटून-पालटून लावत होत्या तेही त्यासाठीच.

डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी परत बोलावलं. मी हात जोडले, तर म्हणाल्या, "हात कशाला जोडतीस? आईनं संशय घ्यावाच. पर माझ्यावर घेतलास तसा त्या बाटलीवर बी घे. बुडबुडं थांबलं म्हंजी हवा कुठंतरी निसटतीय, लगेच मला हाक मार. मशीन वाजायची वाट बघू नको."

चारेक दिवसांनी, भर दुपारी, बुडबुडे थांबले. मॉनिटरवरचे आकडे अजून ठीक दिसत होते, म्हणून मी क्षणभर घुटमळले... आणि मग हाक मारली. दोन ढांगांत त्या पाळण्यापाशी पोचल्या. टोपीजवळ नळीचा सांधा निसटला होता. त्यांनी तो बसवला तोवर लेकीचे ओठ निळसर पडायला लागले होते. पाणी पुन्हा खळखळलं. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "शिकलीस." पुढे यथावकाश नळ्या निघाल्या, आम्ही घरी आलो, आणि गेली नऊ वर्षं दर वाढदिवसाला ईश्वरीला त्यांच्याकडे घेऊन जाणं कधी चुकलं नाही.

मागच्या आठवड्यात मी त्या वॉर्डात गेले. मालन सिस्टरांचं नाव काढल्यावर तिथल्या मुख्य नर्सनं मला बाळांच्या नोंदीचा छापील तक्ता दाखवला. सगळे रकाने इंग्रजीत, शेवटचा तेवढा मराठीत: 'आईला दाखवलं का?' मालन सिस्टरनी तो हट्टानं छापून घेतला होता म्हणे, फार पूर्वी कुणा आईनं त्यांची तक्रार केली होती त्यानंतर. ती आई मीच, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि मला त्या रकान्याबद्दल ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत बाई एका अक्षरानं बोलल्या नाहीत.

काचेपलीकडे एक तरुण नर्स बाळाच्या नाकातली नळकांडी काढत होती. मागं उभी असलेली आई डोळे बारीक करून तिच्या हातांकडे बघत होती. ती नजर मी ओळखते. नर्सनं वळून तिला जवळ बोलावलं, आई वाकून नीट बघेपर्यंत थांबली, नळकांडी परत बसवली, आणि मग त्या शेवटच्या रकान्यात खूण केली.