राणीच्या कपाळावर गोंदण नव्हतं

माझा मोठा भाऊ चित्रं काढायचा, लिहायचाही. दोन्ही बरं जमायचं, पण तेवढ्यावर त्याचं भागलं नाही. आत्मकथेत त्याने छापून टाकलं, की तो एका संस्थानिकाचा मुलगा. भाऊबंदकीत जिवाला धोका होता, म्हणून एका दाईने त्याला भांडुपला आणून वाढवलं. आमचे वडील भांडुपलाच कारखान्यात फिटर होते. आमच्या घरात राजा यायचा तो पत्त्यांच्या डावात. आणि ती दाई म्हणजे आमची आई.

ते वाचून मी भडकले. आई म्हणाली, "असू दे गं. घरात आईच म्हणतो ना?"

मग त्याने राजमातेचं चित्र काढायला घेतलं. मुलुंडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये आईला माझी पैठणी नेसवून खुर्चीत बसवलं. पाय सुजले तरी ती हलायची नाही. मुलगा आपल्याकडे एवढा वेळ बघतोय, याचंच तिला अप्रूप. चित्र पुरं झालं तेव्हा मात्र तिचा हात कपाळाकडे गेला. तिच्या भुवयांच्या मधोमध हिरवं गोंदण होतं, लहानपणी माहेरच्या जत्रेत गोंदवलेलं. चित्रात ते नव्हतं.

"गोंदण राहिलं रे."

"राणीला कुठलं आलंय गोंदण? तू पण ना, आई!"

परतताना रिक्षात ती मला म्हणाली, "दागिने इथंच काढून घेतात. वर जाताना बाईसोबत गोंदण तेवढं जातं." मग उतरता उतरता म्हणाली, "चार लोकांत एकदा आई म्हणाला असता तर बरं झालं असतं."

मी ते त्याच्या कानावर घातलं. "म्हणेन गं, वेळ आली की," तो म्हणाला.

वेळ आली ती गेल्या वर्षी, स्मशानात. भाऊ आला, पण सोबत त्याचे दोन चाहते होते. भटजींनी विचारलं, "मुलगा कोण? पुढे या." मी त्याच्याकडे बघितलं. आता तरी बोलेल, असं मला खरंच वाटलं.

"मुलगी आहे ना त्यांची," तो म्हणाला. "मला त्यांनी सांभाळलं."

रडू पळालं माझं, नुसता संताप उरला. पाण्याचं मडकं खांद्यावर घ्यायला मीच पुढे झाले.

शेवटचं दर्शन घेताना एक चाहता आईच्या तोंडाकडे बघत थबकला. "सर, चेहरा थेट तुमच्या राजमातेसारखा वाटतो हो."

"छे, काहीतरीच काय!" भाऊ म्हणाला. "कपाळावर गोंदण आहे बघा ना."

आईच्या कपाळावर बुक्का सांडला होता. मी तो पदराने पुसून काढला, गोंदण पूर्ण दिसेपर्यंत. वर तरी तिला कुणीतरी ओळखायला हवं.