मल्लप्पाला दिवा बंद दिसेना

सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या पाच मजली इमारतीचा वॉचमन मल्लप्पा मूळचा जवळच्याच होटगी गावचा. शेजारी दुसरी इमारत उठली आणि आमचा जिना भरदिवसा अंधारला, तेव्हापासून बटणांची कामगिरी त्याच्याकडे आली. लोक दिवा लावून घरात शिरायचे, मल्लप्पा तासातासाला वर जाऊन विझवायचा. अठरा वर्षांत जिन्यात दिवा फुकट जळला नाही, असं तो ग्रामदैवत सिद्धरामाची शपथ घेऊन सांगे आणि ते खरंही होतं.

श्रावणात सोसायटीने बटणं काढून सेन्सर बसवले. माणूस आला की दिवा आपोआप लागणार, माणूस हलायचा थांबला की दोन मिनिटांनी विझणार. मीटरच्या खोलीत एक पांढरी डबीही लावली. जिन्यात वीज जळली की सेक्रेटरी अनिलकुमार यांच्या मोबाइलवर रेघ वर चढते, विझली की खाली येते.

पहिल्याच दिवशी मल्लप्पा सवयीने पाहणी करायला वर गेला, तर दिवा चालू. दुसऱ्या मजल्यावर चालू, तिसऱ्यावरही चालू. बटण तर नाही. मग तो दिव्याखाली उभा राहून वाट बघू लागला. मान खाजवली, पाय बदलला, कानडीत दोन शब्द सुनावले. दिवा ढिम्म. खाली येऊन बसला, पण चैन पडेना. वर जळतच असणार म्हणून पाव तासाने पुन्हा चढला. पुन्हा चालूच.

पंधरा दिवसांनी अनिलकुमारांनी त्याला बोलावून मोबाइल दाखवला. रेघ दिवसभर वरच. हे तुमच्या फेऱ्यांमुळे होतंय, असं त्यांनी परोपरीने समजावलं. मल्लप्पाच्या डोक्यात काही शिरेना. विझवायला जाणाऱ्यामुळे दिवा लागतो, हे कसं?

"साहेब, मी गेलो न्हाय तर बंद झाला का न्हाय, कोण बघणार?"

"मोबाइल बघतो की. आज संध्याकाळपर्यंत वर जाऊ नका. रविवारी मीटिंग आहे. लोक विचारायला लागलेत, वॉचमन कशाला पाहिजे म्हणून."

शेवटचं वाक्य तेवढं त्याला नीट समजलं. काम जाणार. दुपार त्याने स्टुलावर कशीबशी काढली. साडेचारला मात्र राहवेना. एकदा, फक्त एकदा, डोळ्यांनी बंद झालेला बघावा आणि मग गप बसावं, असं मनाशी ठरवून तो वर गेला आणि तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर हात मांडीवर ठेवून बसला. पूजेलासुद्धा इतका स्थिर बसला नसेल. डास चावला, हलला नाही.

आणि दिवा विझला.

त्याला इतकं बरं वाटलं, की क्षणभर काही सुचेना. मग ध्यानात आलं, की आता उठलं तर लागणार. उठल्याशिवाय खाली कसं जायचं? रेघ चढेल, साहेब बघतील. तो अंधारात तसाच बसून राहिला.

एवढ्यात खालचा दिवा लागला, मग इथलाही. तिसऱ्या मजल्यावरच्या इमामबी भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत वर आल्या.

"मल्लप्पा, हितं काय करतोस रे?"

"चाची, मी लावला न्हाय."

"माझ्या पायानं लागला. तुला कोण बोलतंय? धर की पिशवी."

पिशवी दारात पोचवून तो खाली आला तो थेट अनिलकुमारांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, मी वर गेलतो. बंद झालेला बघितला. आत्ता चढली ती रेघ इमामबीची, आन् आत्ताच उतरताना चढली ती माझी. आता मी जाणार न्हाय."

अनिलकुमारांनी मोबाइल पाहिला. रेघ चढलेली होती खरी, पण कुठली इमामबींची आणि कुठली मल्लप्पाची, हे त्यावर कुठंच नव्हतं. त्यांनी मोबाइल वरखाली सरकवून पाहिला. "रविवारी मीटिंगला या," शेवटी ते म्हणाले, "आणि हे असंच सगळ्यांना सांगा."

मल्लप्पाने मान हलवली आणि स्टुलावर येऊन बसला. काम राहिलं की गेलं, हे त्याला कळेना. आणि सगळ्यांना नेमकं काय सांगायचं, हे तर मुळीच कळेना.