एकट्याचं आवतन

उन्हाळी धानाचं रोवणं चालू होतं. दवाखान्यातून पुतण्या थेट बांधीवर आला. "काकाजी, काकू गेली," एवढंच बोलला. मी चिखलाच्या पायानंच निघालो... त्याला आता महिना उलटला.

सुमन साकोलीच्या कॉलेजात गणित शिकवायची. मी चौथीत शाळा सोडलेला. लग्नानंतर ती शिकत गेली, मी शेती केली. लोक म्हणायचे, बाई हाताबाहेर जाईल. गेली नाही. गेली असती तरी मी अडवली नसती.

ऐंशी सालानंतर कधीतरी कॉलेजात कंप्युटर आला. सुमननं त्यावर गणितं सोडवणारा प्रोग्राम लिहिला. आकड्यांचे तक्ते, तक्त्यांच्या नकला. थोड्या नकला काढल्या की मेमरी भरायची, मशीन ठप्प. एवढ्याशा तक्त्याला एवढी जागा लागतेच कशी, ते कळेना. प्राचार्य म्हणाले, नागपूरचे साहेब येतील तेव्हा हे चाललं नाही, तर मशीन ऑफिसात टायपिंगला जाईल. तिचं जेवणावरून मन उडालं.

"कायले जीव काढून राहिली? सोड ना," मी म्हणालो.

"अर्धं रोवणं झाल्यावर तुम्ही बांधीतून निघता का?"



तेवढ्यात शेजारचा गोविंदा पोरीच्या लग्नाचं सांगायला आला. "चूलबंद आवतन हाये, बाई. घरी चूल पेटली तं याद राखा!" चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी, पाव्हण्यांसकट, जेवायला यायचं. सुमन तांदूळ पाखडत होती. सूप ठेवून उभीच राहिली.

"आवो, मी एका तक्त्याले बलावते, अन् तो अख्खं घर घेऊन येते!"

"कोन येते?"

ती खो खो हसली. मग समजावलं. तक्ता ज्या तक्त्यांवरून बनला, त्यांची खूण तो जवळ ठेवायचा. त्याची नक्कल काढली की त्या सगळ्यांची निघायची, त्यांच्या मागच्यांचीही.

"आता एकट्याचंच आवतन. बाकीचे आपल्या घरी राहातीन. याच्यापाशी त्याह्यचा पत्ता राहिला, का झालं."

साहेब आले, प्रोग्राम चालला, मशीन तिच्याच खोलीत राहिलं. मला तिनं काही सांगितलं नाही. त्या दिवशी दोनदा खीर मागून घेतली, त्यावरून कळलं.

परवा गोविंदा नातवाच्या लग्नाचं सांगायला आला, अन् दारातच घुटमळला. आता या एकट्याच्या घराला कोणतं आवतन द्यावं, त्याला कळेना...

"चूलबंदच म्हण ना बे," मी म्हणालो.

गेलो. पोटभर जेवलो. परत आलो तर चूल थंड, वर खिळ्याला तिचं सूप. ती घरीच राहिली. पत्ता माझ्यापाशी आहे.