डेलमारची दुर्बीण

डेलमार स्टट्झ म्हणजे आमच्या दक्षिण ओहायोतला एक नंबरचा चिकट माणूस, तरी माझा त्याच्यावर जीव. तीस वर्षं शाळेची बस चालवली. आता फक्त जानेवारीची वाट बघतो. तेव्हा चार दिवस ठासणीच्या बंदुकीने हरणं मारायची मुभा असते. ठासणीत गोळी एकच. दुसरी भरेपर्यंत हरीण डोंगरापार. म्हणून धड दिसत नसेल तर तो बारच काढत नाही. जनावर जखमी करून सोडणं त्याला पाप वाटतं. दरवर्षी पहिल्या हरणाचं काळीज पावाच्या पिशवीत घालून मला आणून देतो.

बंदुकीवरच्या दुर्बिणीला तो जन्मभर हसला. पण ऑक्टोबरमध्ये माझ्या बंदुकांच्या दुकानात आला. "वेस्ली, एखादी दुर्बीण दाखव. शंभर डॉलरच्या आत."

"ही बघ, पंच्याण्णवची. डोळा चार बोटं लांब ठेवलास तरी पूर्ण दिसतं. बंदुकीची लाथ बसून भुवई फुटायची नाही."

"एकदा दुसऱ्याची लावून फुटलीय," उजव्या भुवईवरचा वाकडा व्रण चोळत तो म्हणाला. मग दुर्बिणीतून दाराबाहेर समोरच्या चर्चची पाटी बघितली. "धुरकट आहे."

दुसरीही धुरकट. शेवटी त्याने चारशेची मागितली.

"नाकापेक्षा मोती जड! बंदूक अडीचशेची तुझी."

"दाखव रे."

तीही धुरकट. मी डोळ्याला लावली, तर पाटीवरचं अक्षर न् अक्षर स्पष्ट. मी दुर्बीण खाली ठेवली.

"डेलमार, डोळ्याचं बायकोला ठाऊक आहे?"

"ओपलनेच नेलं डॉक्टरकडे. उजव्या डोळ्याची नजर आता परत यायची नाही म्हणाले. वाटलं, चांगली काच मिळाली तर... नाहीतर बंदूक खुंटीला."

"मग डाव्याने बघ की, येड्या!" मी खेकसलो. नाहीतर रडलोच असतो.

त्याने पहिलीच दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली. पाटीवर रोखली. मग वाचलं, "रविवारी बीन सूपचं जेवण, सगळ्यांनी यावं." आणि लगेच, "ऐंशीला दे. एकाच डोळ्याने बघणार आहे."

दिली.

मग दोन महिने खडीच्या खाणीत डाव्या खांद्यावर बंदूक घेऊन सराव. जानेवारीत शिकारीच्या दुसऱ्याच दिवशी तो माझ्या दारात उभा. हातात पावाची पिशवी, डाव्या भुवईवर ताजी खोक.

"चार बोटं सांगितली होती ना? किती ठेवलीस?"

"तीन. पण हरीण जागच्या जागी पडलं, वेस्ली. एक पाऊलही पळालं नाही."

"तिथेही एक बोट वाचवलंस, चिकटोबा!" म्हणत मी त्याला मिठी मारली, पिशवीसकट.