बाबांनी मशीन दुरुस्त केलं

माझ्या धाकट्या भावाला सगळे ठोक्या म्हणतात. लहानपणी डबे, टेबल, शेजाऱ्यांचं फाटक, जे हाताला लागेल ते तो ठोकत सुटायचा. मोठी झाली की पोरं सुधारतात म्हणे. आमच्या पोराने मोठं होऊन ठोकण्याला वीज जोडली.

तो जे वाजवतो त्याला इलेक्ट्रॉनिक डान्स-पंक म्हणतात. म्हणजे यंत्रं ठोके देतात, एक बाई जीव खाऊन किंचाळते आणि खाली माणसं घामाघूम होऊन नाचतात. आधी तो गिटारवाल्या पोरांच्या बँडमध्ये होता. तिथे एके दिवशी त्याने ड्रमरच्या जागेवर स्वतः जोडलेलं ठोक्यांचं खोकं आणून ठेवलं. ड्रमर समोरच उभा होता. ठोक्या ते खोकं काखोटीला मारून घरी परत आला.

मग त्याने आमच्या बाथरूममध्ये स्टुडिओ थाटला. तिथे आवाज छान घुमतो म्हणे. इतरांची गाणी तो तिथे रेकॉर्ड करून द्यायचा, आणि असा उद्योग करणाऱ्याला प्रोड्यूसर असं भारदस्त नाव आहे. आम्ही बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून ताटकळत बसायचो. एकदा आत एकाचं विरहगीत रंगात आलेलं असताना आई दारावर थाप मारून ओरडली, "आटपा रे, मला ऑफिस आहे!" ठोक्याने ते गाण्यात तसंच ठेवलं. लोकांना गाण्यात तेवढंच आवडलं.

आता बाबा. बाबा वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. दुसऱ्यांची. घरचं मशीन मात्र असं खडखडायचं की कपडे पिळायला लागलं की कपाटातल्या कपबशा नाचायच्या. आई सांगून सांगून थकली. बाबांचं उत्तर ठरलेलं, "बघतो उद्या."

तो उद्या उगवायच्या आत ठोक्याने त्या खडखडीवर गाणं केलं. नाव 'पिळून काढ'. मशीनचा वेग वाढतो तसं गाणं वाढतं, आणि ती किंचाळणारी, जी दिवसा दातांच्या डॉक्टरकडे रुग्णांना हळू आवाजात "आ करा" म्हणते, ती "पिळून काढ! पिळून काढ!" करत स्टेज डोक्यावर घेते. गाणं चाललं. इतकं चाललं की ठोक्याने आईला नवं मशीन आणून दिलं आणि जुनं आपल्या खोलीत नेलं. कार्यक्रमाला ते माझ्या बेकरीच्या गाडीतून जायचं. अजून माझ्या पावाला साबणाचा वास येतो अशी एका गिऱ्हाइकाची तक्रार आहे.

बाबांची मात्र पंचाईत झाली. गिऱ्हाइकं दात काढून विचारायची, "काय हो, काल तुमच्या घरच्या मशीनवर नाचून आलो. कधी दुरुस्त करताय?" बाबा धुमसत घरी यायचे. ठोक्याच्या संगीताला त्यांनी कधी गाणं म्हटलं नाही. ते म्हणायचे, "तो आवाज." आवाज बंद कर, आवाजाचं काही जमतंय का, आवाजाला जेवायला बोलाव. ठोक्या दर कार्यक्रमाचा पास त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि तो पास दुसऱ्या दिवशी फ्रिजवर सापडायचा. बाबांनी एकदा समोर उभं राहून ऐकावं, बाकी त्याला काही नको होतं. मला त्याची कीव यायची आणि बाबांचा रागही.

मग त्याला शहरातलं सगळ्यात मोठं सभागृह मिळालं. पोस्टरवर मशीनचा फोटो. पास खिशात गेला आणि बाबा म्हणाले, "येतो." ठोक्या त्या दिवशी तीनदा फ्रिजवर बघून आला. पास तिथे नव्हता.

कार्यक्रमाच्या दुपारी आम्ही मशीन स्टेजवर चढवलं. ठोक्याने नेहमीसारखे ओले टॉवेल आत टाकले, माइक चिकटवला, बटण दाबलं. मशीन फिरलं. वेग वाढला. खड नाही, खूट नाही. किंचाळणारीने कान लावला आणि म्हणाली, "अरे, हे तर गुणगुणतंय."

बाबांनी आदल्या दिवशी, आम्ही घरात नसताना, त्याचं बेअरिंग बदललं होतं. पाय समतल केले होते. हजार माणसांसमोर घराण्याचं मशीन खडखडायला नको म्हणून.

जुन्या खडखडीचं रेकॉर्डिंग होतं. पण लोक मशीन बघायला येणार होते. ठोक्या मशीनला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "ताई, बाबांना काही बोलायचं नाही. ते पहिल्यांदा येतायत."

मी बोलले. माझ्याच्याने राहवत नाही. बाबा लवकरच आले, इस्त्रीच्या शर्टात आणि हातात हत्यारांची पिशवी, कारण ते लग्नालाही ती घेऊनच जातात. मी सगळं घडाघडा सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला. ते ठोक्याकडे वळले.

"म्हणजे ती खडखड तुला हवी होती?"

"हो, बाबा."

"मग सांगायचंस! मला वाटलं, तू माझं नाक कापतोयस."

ते मशीनमागे बसले. जन्मात मशीन कधी बिघडवलं नव्हतं त्यांनी. एक नट सैल केला. मशीन धडधडलं. "हा नाही," बाबा म्हणाले. दुसरा सैल केला. "हाही नाही. तो असा होता." आणि त्यांनी झाकणावर तळहाताने ठेका धरला. खड खड खड, ठक, मग जरा दम, मग दोनदा ठक. मधली ती अडखळसुद्धा अचूक. ठोक्या बघतच राहिला.

"बाबा, तुम्ही कधी ऐकलंत?"

"रोज. तुझ्या दाराबाहेर उभा राहून. नक्की काय सैल झालंय ते शोधत होतो."

ठोक्याने तोंड फिरवलं. मीही फिरवलं, उगाच वायरी बघत बसले.

खडखड सापडली, पण वेग वाढला की मशीन जागेवरून सरकत चालायला लागायचं. म्हणून गाण्याभर बाबांनी ते धरून बसायचं ठरलं. संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. पडदा वर गेला आणि लोकांना मशीनशेजारी स्टुलावर, हातात पाना घेतलेले बाबा दिसले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाबा उठले, किंचाळणारीच्या हातातून माइक घेतला आणि घसा खाकरला. ठोक्याचं बोट बटणावर तसंच थांबलं.

"एक सांगतो," बाबा म्हणाले. "हे मशीन मी दुरुस्त केलं होतं. एकदम नीट चालत होतं. आज मुद्दाम बिघडवलंय." मग त्यांनी ठोक्याकडे बघितलं. "माझ्या मुलाच्या गाण्यासाठी."