शैलाच्या बाजूचा माणूस

मनोहर गेल्याची बातमी मला त्याच्याच स्वयंपाकघरात कळली. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी तो हॉस्पिटलमध्ये होता. मुलगी ऋचा दुसऱ्या राज्यातल्या हर्नडनहून येऊन त्याच्याजवळ थांबली होती, आणि मी त्याच्या बायकोजवळ, शैलाजवळ. शैला माझी जुनी मैत्रीण. गेली काही वर्षं तिची स्मृती हळूहळू जाते आहे, त्यामुळे तिला घरात एकटं ठेवता येत नाही. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. ऋचाचा फोन आला, मी ऐकून ठेवला आणि पुन्हा मटार सोलायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. मग शैलाला सांगितलं. ती रडली, पुष्कळ रडली, आणि चहाच्या वेळेपर्यंत विसरून गेली. त्याच दुपारी आमच्या गावच्या पोलीस खात्यातून सार्जंट डॅनाचा फोन आला. पुढच्या ट्रेनिंगपर्यंत मनोहर बरा होईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी सांगितल्यावर तिने एकच विचारलं, "आता शैलाकडे कोण बघणार?"

शिकागोच्या एका उपनगरातल्या पोलीस सार्जंटला आमच्या शैलाची काळजी का, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. मनोहर मूळचा नागपूरचा, शॉमबर्गमधल्या एका कंपनीत इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेला. आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांतली. मी नाटकं बसवायचे आणि तो त्यांत कामं करायचा. गेलेल्या माणसाबद्दल खोटं कशाला लिहू, नट म्हणून तो सुमार होता. दारावर थाप पडली की असा काही दचकायचा की मागच्या रांगेतली पोरं खिदळायची. वाक्यं पाठ करायचा तर भयंकर आळस. शैला विंगेत संहिता घेऊन बसायची आणि तिचं प्रॉम्प्टिंग त्याच्याआधी प्रेक्षकांना ऐकू जायचं. मी चिडले की हा शांतपणे म्हणायचा, "दिग्दर्शकबाई, वाक्यं शैलाकडे, भावना माझ्याकडे. तू कशाला त्रास करून घेतेस?" नंतर शैलाकडची वाक्यं एकेक करून जायला लागली, तेव्हा तिला शब्द पुरवायचं काम याच्याकडे आलं. ते मात्र त्याने कधी चुकवलं नाही.

शैलाची एक सवय स्मृतीबरोबर गेली नाही. सकाळी आंघोळ झाली की कापडी पिशवी घ्यायची आणि देवासाठी फुलं आणायला बाहेर पडायचं. आता आपल्याकडे कुठल्याही कॉलनीत सकाळी लोक दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद बिनदिक्कत तोडतात. त्याला चोरी म्हणत नाहीत, फार तर घरातून एखादी आजी ओरडते. इथे शेजाऱ्यांच्या अंगणात कुंपण नसतं, आजी नसते, दाराच्या बेलमध्ये कॅमेरा असतो. एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी गुलाबाजवळ शैला त्या कॅमेऱ्यात दिसली. फोटो आसपासच्या लोकांच्या ॲपवर गेला, 'ही बाई कोण?' म्हणून विचारणा झाली, आणि कुणीतरी पोलिसांना फोन केला. मनोहर पायजम्यावर धावत पोचला तेव्हा दोन अधिकारी गाडीतून उतरून उभे होते आणि शैला लगबगीने त्यांच्याकडे चालत निघाली होती. ते थांब म्हणून ओरडत होते. पण आम्हां लोकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की पोलिसाने हाक मारली की त्याच्यापर्यंत जायचं, लांब उभं राहायचं नाही. ती जात होती, आणि फुलंच आहेत हे दाखवायला तिने पिशवीत हात घातला होता.

झालं काहीच नाही. मनोहर ओरडत मध्ये गेला, उलगडा झाला, एका अधिकाऱ्याने माफी मागितली. मंडळात मात्र आठवडाभर हाच विषय. तरुण मंडळी म्हणाली, "काका, सोडू नका यार, स्यू करा!" वयस्कांनी शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ऐकवलं. मनोहरने दोघांचंही ऐकलं नाही. त्याने पोलिसांकडे अर्ज केला की त्या अधिकाऱ्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मला बघायचं आहे. सार्जंट डॅनाने त्याला बोलावून ते दाखवलं. परत आला तो थेट माझ्याकडे. "अगं, त्यात काहीच घडत नाही," म्हणाला. "फक्त शैला पिशवीत हात घालते आणि त्याच क्षणी त्या पोराचा हात कमरेला जातो… बस, एवढंच." ते 'एवढंच' त्याच्या डोक्यातून पुढे कधी गेलं नाही. डॅनाने त्याला सांगितलं होतं की गोंधळलेल्या, आजारी माणसाशी कसं वागायचं याचं ट्रेनिंग त्यांच्याकडे असतं. त्यात खोटे प्रसंग उभे करतात, त्यासाठी कॉलेजच्या नाटकांतली मुलं येतात आणि छान आरडाओरडा करतात. यावर आमचे हे महाशय म्हणाले, "मीसुद्धा नट आहे." इतकं धडधडीत खोटं त्याने दुसरं कधी बोललेलं मला आठवत नाही.

त्याचा हट्ट म्हणून एकदा मी बघायला गेले. फायर स्टेशनच्या मागे एक मोठी खोली होती, जमिनीवर चिकटपट्टीने आखलेला फुटपाथ, आणि अधिकाऱ्यांच्या कमरेला निळ्या प्लास्टिकची पिस्तुलं. मनोहर शैलाची पिशवी घेऊन उभा राहिला. आता हा दचकणार, हातवारे करणार, म्हणून मी डोळे मिटायच्या तयारीत होते. त्याने काहीच केलं नाही. नुसता उभा राहिला, शैला हल्ली उभी राहते तसा, जरा डावीकडे झुकून, समोरच्याच्या ओठांकडे बघत. मग मराठीत पुटपुटत त्यांच्या दिशेने चालायला लागला. एका अधिकाऱ्याने भाषांतरासाठी फोन पुढे केला, तर फोनला ती हिंदी वाटली आणि त्याने काहीतरी भलतंच ऐकवलं. दुसरा ओरडला. तो ओरडला तसा मनोहर आणखी भराभर त्याच्याजवळ गेला आणि त्याने पिशवीत हात घातला. निळं पिस्तूल वर आलं. मला ते प्लास्टिकचं आहे हे माहीत होतं, तरी मी खुर्चीतून उठून उभी राहिले. सगळी हयात मी या माणसाला 'कमी कर, कमी कर' सांगत होते, आणि ते त्याला तिथे जमलं. मी त्याला तसं सांगितलंही. तर म्हणाला, "इथे वाक्यं नाहीत ना."

प्रसंगानंतर सगळे गोल करून बसायचे आणि मनोहर आपली बाजू सांगायचा. लांब थांबा, आवाज खाली आणा, तुम्हीच आधी खाली बसा, म्हणजे समोरच्याला घाई वाटणार नाही. त्या दिवशी ब्रायन नावाचा एक तरुण अधिकारी उठून म्हणाला, "सर, पिशवीत काय आहे हे मला माहीत नसतं. विचार करायला वेळच नसतो. मलाही संध्याकाळी घरी जायचं आहे." परतताना गाडीत मी ब्रायनच्या नावाने बोटं मोडत होते आणि मनोहर मात्र म्हणत होता, "त्याचं खोटं नाही गं. त्या पिशवीत खरंच काहीही असू शकतं या देशात." मला संताप आला. मी म्हटलं, "मन्या, तू नक्की कुणाच्या बाजूचा आहेस?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "शैलाच्या." पुढे कितीतरी बॅचेस त्याने हेच काम केलं. दिवाळीच्या कार्यक्रमात नाटकाआधी पाच मिनिटं मागून घ्यायचा आणि आमच्या काका-काकूंना बजावायचा, की पोलिसांनी गाडी थांबवली तर कागद घेऊन खाली उतरू नका, बसून राहा, हात दिसू द्या. लोक कंटाळून चकल्या खायचे, पण तो सांगायचं थांबला नाही.

ऋचाशी त्याचं एकदा चांगलंच वाजलं. पोलिसांकडे अशा माणसांची आधीच नोंद करून ठेवता येते. नाव, फोटो, आजार, कुठली भाषा समजते, हे सगळं. मनोहरने शैलाची नोंद केली. ऋचा इथेच जन्मलेली, कम्प्युटर सिक्युरिटीत काम करणारी. ती फोनवर म्हणाली, "बाबा, दॅट्स अ पोलीस डेटाबेस! आईचा फेस तुम्ही त्यांना देऊन टाकला? यू डोन्ट नो व्हेअर इट गोज." मला तिचं पटत होतं, अजूनही पटतं. मनोहर म्हणाला, "तुझं बरोबर असेल बेटा. पण उद्या मी नसलो आणि ती स्वतःचं नावही सांगू शकली नाही, तर तिचा चेहरा ओळखणारं कुणीतरी हवं ना…"

आता तो खरंच नाही. ऋचा सध्या इथूनच ऑफिसचं काम करते आहे, घर विकायला काढलं आहे, आणि पुढच्या महिन्यात ती आईला हर्नडनला घेऊन जाईल. तिथे तिला कुणी ओळखत नाही. मनोहरने एवढी वर्षं जी माणसं घडवली ती या एका गावातली. त्याचा आटापिटा सगळा इथेच राहणार, आणि जिच्यासाठी केला ती जाणार, हे माझ्या मनाला फार लागतं. डॅना म्हणाली आहे की ती तिकडच्या लोकांशी बोलेल. ऋचानेही परवा मला विचारलं, "मावशी, तिथे रजिस्टर करू का आईला?" कर म्हणाले.

मागच्या आठवड्यात मी सकाळी त्यांच्याकडे गेले, तर ऋचा आतल्या खोलीत कॉलवर, दार उघडं आणि शैला नाही. मी तशीच बाहेर धावले. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी दिसली. जवळ गेले तेव्हा कळलं, गाडीचे दिवे बंद होते. शैला हिरवळीवर उभी होती, हात पिशवीत, आणि तिच्यापासून बऱ्याच अंतरावर फुटपाथच्या कडेला एक अधिकारी चक्क खाली बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून. तो ब्रायन होता. मला त्याने हातानेच सावकाश ये म्हणून खुणावलं. "ती मला काहीतरी विचारते आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पुन्हा पुन्हा तेच. काय म्हणते आहे?"

शैलाने माझ्याकडे बघितलंही नाही. ती त्याच्याशीच बोलत होती, अगदी अदबीने. "अहो, आमचे हे सकाळपासून तुमच्याकडे आलेत. आज फारच वेळ ठेवून घेतलंत त्यांना. जेवायचे आहेत अजून."

मी ब्रायनला ते इंग्रजीत सांगितलं. त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "त्यांना सांगा, आम्ही इतका वेळ ठेवून घेतलं त्याबद्दल सॉरी."

मी सांगितलं.

"असू दे," शैला म्हणाली. "पण उद्या जरा वेळेवर सोडा."